नाणं पारखताना: ठशाने काय दिलं आणि हातांनी काय नेलं

नाणं बघायला बसलात की आधी ट्यूबलाइट बंद करा. ट्यूबचा उजेड चहूकडून सारखा पडतो आणि नाण्याचे निम्मे दोष झाकून टाकतो. टेबलावर एकच दिवा हवा. साठ-पंचाहत्तर वॉटचा जुना पिवळा बल्ब मिळाला तर उत्तम, नाहीतर तेवढ्याच उजेडाचा, पण दुधी काच नसलेला एलईडी. खाली मऊ टॉवेलची घडी ठेवा, म्हणजे नाणं निसटलं तरी कड चेपणार नाही. नाणं अंगठा आणि तर्जनी यांच्यात फक्त कडेने धरायचं. बोटांचा घाम चांदीवर आणि त्याहून जास्त तांब्यावर उमटतो आणि काही दिवसांनी तपकिरी डाग होऊन वर येतो. मग ते दिव्याखाली तिरकं करून हळूहळू फिरवायचं. सरळ समोर धरून बघितलेलं नाणं न बघितल्यात जमा.

मुंबईत, फोर्टातल्या बोरा बाजारात आमचा शिक्के कोरायचा गाळा आहे. कंपन्यांची उठावाची सीलं, शाळांची पदकं, देवस्थानांची चांदीची नाणी यांचे पितळी आणि पोलादी ठसे आमच्याकडे कोरले जातात. वडील कोरायचे, आता मी कोरते. नाण्यांचा नादही त्यातूनच लागला. त्यामुळे हातात नाणं आलं की मला आधी त्याचा ठसा दिसतो, उलटा, खोलगट. ठशात जे कोरलं होतं त्यातलं धातूवर किती उतरलं, आणि उतरलेल्यातलं आज किती शिल्लक आहे, हे दोन प्रश्न मी वेगवेगळे विचारते. ग्रेडिंगमधले, म्हणजे नाण्याची अवस्था बघून दर्जा ठरवण्यातले, बहुतेक घोळ हे दोन प्रश्न एकत्र केल्यामुळे होतात, म्हणून पुढे जे लिहिते आहे ते याच धाग्याने लिहिते.

आधी खरं का, मग कसं

खोट्या नाण्याला ग्रेड नसते. तेव्हा भिंग हातात घेण्याआधी वजनकाटा काढा. सोनारी कामाचा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आता स्वस्तात मिळतो. १८३५ पासून कंपनी सरकारने आणि पुढे ब्रिटिश सरकारने जो चांदीचा रुपया पाडला त्याचं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. जुना तोळा तो हाच. आज सराफाकडे आपण दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, पण आजीच्या हिशोबातला तोळा या रुपयाच्या वजनाचा होता. झिजलेला रुपया थोडा हलका भरणारच. पण ११.६६ पेक्षा ठळकपणे जड भरला, किंवा अंगावर झीज नसताना हलका भरला, तर तो रुपया बाजूला ठेवा.

वजन जुळवणं खोटं करणाऱ्यालाही जमतं. घनता जुळवणं त्याला जड जातं, म्हणून पुढची परीक्षा पाण्याची. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. या रुपयात ११/१२ चांदी असते, त्यामुळे आकडा १.१३ च्या आसपास यायला हवा. १.३ च्या घरात गेला तर आत चांदी नाही, तांबं-निकेल आहे. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आणली होती, तिथे १.२२ च्या जवळपास आकडा येतो आणि तो बरोबर असतो. चुंबक जवळ असू द्या, पण त्याच्यावर फार विसंबू नका. चांदी चिकटत नाही, तसं पितळही चिकटत नाही. उलट १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा आहे, तो चिकटलाच पाहिजे.

त्यानंतर कड. साच्यात ओतून केलेल्या नकलेच्या कडेवर सांध्याची रेघ असते किंवा ती घासून काढल्याची खूण असते, आणि दाते एकसारखे नसतात. ओतीव नाण्याची अक्षरं गुळगुळीत, कोपरे मारलेली दिसतात, आणि मोकळ्या जागेत सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात. ठशाखाली दाबलेल्या धातूला अशी भोकं पडत नाहीत.

सालाचे आकडे वेगळे तपासा. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया अतिशय दुर्मिळ, आणि १९३८ चा मात्र भरपूर मिळतो. तेव्हा आठाचा नऊ करण्याचा मोह कुणाला होईल हे सांगायला नको. शेवटच्या आकड्याभोवतीची जमीन, म्हणजे नक्षी नसलेली मोकळी जागा, भिंगाखाली बघा. कोरणीने धातू काढला असेल तर तिथलं पोत बदलतं आणि तिरक्या उजेडात तेवढाच तुकडा वेगळा चमकतो. कोरणीची जागा मला चटकन दिसते कारण माझा हात रोज तेच करतो, पण सवयीने तुम्हालाही दिसेल.

एका बाजूला राम दरबार किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव व १८१८ असं साल असलेल्या नाण्यांबद्दल दोनच वाक्यं. कंपनीने असं नाणं कधीही पाडलेलं नाही. कुणी त्यात दैवी शक्ती आहे, ते तांदूळ ओढतं असं सांगू लागला तर तिथून उठा.

अंगावरची कातडी

आता नाणं खरं आहे असं धरू. नवखा माणूस आधी नक्षी बघतो: चेहरा स्पष्ट आहे का, साल वाचता येतं का. मुरलेला संग्राहक आधी पृष्ठभाग बघतो. नक्षी कमी असली तरी पृष्ठभाग अस्सल असेल तर नाण्याला मान असतो. नक्षी भरपूर आणि पृष्ठभाग घासलेला असेल तर जाणकार त्याला हात लावत नाही.

त्याचं कारण ठशात आहे. ठसा आपटतो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि सरकताना त्याच्या अंगावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा उमटतात. दिव्याखाली नाणं फिरवलं की या रेषांमुळे उजेडाचे पट्टे मधून निघून चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. याला बाजारात लस्टर म्हणतात. ही चमक म्हणजे धातूच्या पृष्ठभागाची घडण आहे, वर चढवलेला थर नव्हे. म्हणूनच ती एकदा घासली की परत आणता येत नाही. पॉलिश केलेलं नाणंही चमकतं, पण त्याचा उजेड एकाच जागी थांबतो, फिरत नाही. हा फरक शब्दांतून फार कळत नाही. बँकेतून नुकतं आलेलं कोरं नाणं आणि भाजीवाल्याकडून सुटे म्हणून मिळालेलं त्याच किमतीचं नाणं दिव्याखाली शेजारी शेजारी फिरवून बघा, लगेच दिसेल.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी कॉलेजातली मुलगी एकदा पाचव्या जॉर्जचे दोन रुपये घेऊन आली. दोन्ही १९१८ चे. मागच्या बाजूला तळाशी कमळाखाली बारीक ठिपका, म्हणजे दोन्ही मुंबई टांकसाळीचे. "मावशी, हा आजीच्या देव्हाऱ्यातला. बघा, कसा लख्ख केलाय. हा दुसरा मामाकडचा, काळाच आहे. हाही करू का?"

देव्हाऱ्यातला पांढराशुभ्र रुपया दिव्याखाली धरला. राजाच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत शेकडो बारीक रेघा, बऱ्याचशा एकाच दिशेने. त्या रेघा गालावरून, मुकुटावरून सरळ पुढे जात होत्या. अक्षरांच्या मुळाशी, जिथे कापड पोचत नाही तिथे, काळी घाण तशीच बसलेली होती, आणि एका अक्षराच्या पोटात कुंकवाचा लाल कण. आपल्याकडे घराघरांतल्या रुपयांची हीच कहाणी असते. लक्ष्मीपूजनाला नाणी बाहेर येतात, दंतमंजनाने किंवा राखेने घासली जातात, पंचामृताने धुतली जातात, पुसून परत डब्यात जातात. पूजेत त्याचं काही चुकत नाही. पण अशी पन्नास-साठ लक्ष्मीपूजनं झालेला रुपया संग्राहकाच्या दृष्टीने 'क्लीन केलेला' असतो, मग राजाची दाढी कितीही स्पष्ट असो.

मामाकडचा रुपया करडा-काळपट, कडेला निळसर झाक. मुकुटावरचे मणी थोडे बोथट. पण फिरवल्यावर अक्षरांच्या मधल्या जागांत उजेडाचे पट्टे हळूच सरकले. त्या काळपटपणाखाली मूळ कातडी शाबूत होती. चांदीवर हवेतल्या गंधकाने जो थर चढतो त्याला टोनिंग म्हणतात, आणि सावकाश, सारखा चढलेला थर दोष मानत नाहीत. तिला मी सांगितलं, "याला पाणीसुद्धा लावू नकोस, आणि त्या दुसऱ्यालाही आता पुन्हा घासू नकोस." नक्षीत काळा रुपया गोऱ्यापेक्षा थोडा मागे होता, पण विकत घ्यायची वेळ आली असती तर मी काळाच घेतला असता.

टोनिंगही खोटं करतात. गंधकाच्या धुरीत धरलेल्या नाण्यावर रंग भडक असतात. ते उठावावरून खाली उतरताना बदलत नाहीत, सरसकट फासल्यासारखे दिसतात. घासलेल्या नाण्यावर असा रंग चढवून रेघा झाकण्याचा प्रकार सर्रास चालतो, म्हणून रंगाच्या खाली बघा. रंगाखाली रेघा असतील तर आधी घासलं आणि मग रंगवलं.

दागिन्यांतून आलेली नाणी आपल्याकडे पुष्कळ. माळेत ओवण्यासाठी झाळलेली कडी नंतर काढून कड घासून घेतात. वरची कड, साधारण बाराच्या काट्यापाशी, नखाने चाचपून बघा. दाते बुजलेले असतात आणि धातूचा रंग तेवढ्यापुरता पिवळट असतो. भोक पाडून पुन्हा भरलेलं असेल तर भिंगाखाली गोल सांधा दिसतो. अशी नाणी जरूर बाळगा, त्यांच्यात घराण्याची आठवण असते. पण पैसे मोजताना ती सदोष म्हणून मोजा.

उठाव की खोलगट

माझ्या धंद्याने मला शिकवलेला एक नियम इथे सांगते, कारण तो कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त कामाला येतो. ठशात जो दोष असतो तो नाण्यावर उठावाने येतो. नाणं बाहेर पडल्यावर जी इजा होते ती खोलगट असते.

ठसा तडकला तर नाण्यावर उठावाची रेघ येते. ठशाला गंज चढला तर नाण्यावर बारीक पुळ्या येतात. ठशाच्या सपाट भागाला पॉलिश मारताना पडलेल्या रेघा नाण्याच्या मोकळ्या जागेत उठावाने येतात, अक्षराच्या कडेला येऊन थांबतात आणि अक्षरावर चढत नाहीत, कारण ठशात अक्षर खोल असतं आणि पॉलिशचा दगड तिथे पोचतच नाही. कापडाच्या रेघा मात्र खोलगट असतात आणि जमिनीवरून अक्षरावर, अक्षरावरून परत जमिनीवर अशा जातात. रेघ दिसली की लगेच 'क्लीन केलंय' म्हणणारे विक्रेत्याशी भाव पाडायला भांडतात. दहापट भिंगाखाली एवढंच बघा की रेघ अक्षरापाशी थांबते की वर चढते. टांकसाळीतून आलेला दोष ग्रेड फारशी कमी करत नाही, कधी कधी तर त्यासाठी लोक जास्त पैसे देतात.

हाच विचार झिजेला लावा. राजाच्या कानाजवळची नक्षी पुसट आहे. ती झिजली की मुळात उतरलीच नाही? नाण्यावरचा सगळ्यात उंच भाग म्हणजे ठशातला सगळ्यात खोल खड्डा, आणि तो सगळ्यात शेवटी भरतो. दोन्ही बाजूंचे खोल खड्डे समोरासमोर आले तर मधला धातू दोघांना पुरत नाही आणि ठसा तिथे कच्चा उठतो. कच्च्या ठशाच्या जागी नक्षी नसते पण चमक असते, आणि पोत थोडं खडबडीत, कोऱ्या चकतीचं असतं. झिजलेल्या जागी चमक आधी जाते. तिथे धातू गुळगुळीत आणि मंद, करडा दिसतो, आणि दिवा फिरवला की तेवढा भाग बाकीच्यांपेक्षा वेगळा उमटतो. पुसट पण चमकदार म्हणजे ठशाने दिलंच नाही. पुसट आणि मंद म्हणजे हातांनी नेलं.

झीज कुठे शोधायची हे प्रत्येक नाण्याचं वेगळं. १८३५ च्या चौथ्या विल्यमवर कानावरचे केस बघा. १८६२ पासूनच्या राणी व्हिक्टोरियावर मुकुटाचे खडे, कानावरून जाणारे केस आणि अंगरख्याची वेलबुट्टी. सातव्या एडवर्डच्या रुपयावर डोक्याला मुकुट नाही, तिथे कान आणि दाढी. पाचव्या जॉर्जवर मुकुटाच्या पट्ट्यावरचे मणी आणि छातीवरच्या साखळीतला हत्ती.

त्या हत्तीची गोष्ट सगळ्या संग्राहकांना ठाऊक असते. १९११ च्या रुपयावर हत्तीची सोंड अशी आखूड उतरली की लोकांना तो डुक्कर वाटला, गहजब झाला, आणि अजून वाटप न झालेले रुपये मागे घेऊन वितळवले गेले. १९१२ पासून हत्ती सुधारला. आजही लोक 'डुक्कर रुपया' म्हणून मोठ्या हौसेने तो मागतात. पण झिजल्यावर १९१२ चा हत्तीही डुकरासारखाच दिसू लागतो, तेव्हा सोंडेवरून नव्हे, सालावरून ओळखा. आणि १९११ चाच असेल तर हत्तीची जागा शाबूत आहे का हे जास्त कडकपणे बघा, कारण ज्याच्यासाठी पैसे देताय तेच पुसलेलं असेल तर काय उपयोग?

झिजेने ओळखही जाते. व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८६२ हेच साल १८७४ पर्यंत छापत राहिले, आणि मुंबई टांकसाळीने सालाच्या जवळ बारीक ठिपके देऊन वर्षं वेगळी केली. कुठल्या ठिपक्यांचा रुपया आहे यावर त्याची दुर्मिळता ठरते. ठिपका झिजला तर दुर्मिळता सिद्ध करता येत नाही, आणि चिकटलेला मळाचा कणही ठिपका म्हणून विकला जातो. टूथपिकच्या टोकाने ढकलू नका, रेघ पडेल. भिंगाखाली तिरका उजेड टाका. खऱ्या ठिपक्याची सावली एका बाजूला नेटकी पडते.

आकडे आणि शब्द

बाजारातले शब्द खालून वर असे जातात: गुड, व्हेरी गुड, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रा फाइन, अबाउट अनसर्क्युलेटेड, आणि शेवटी यूएनसी, म्हणजे अनसर्क्युलेटेड, व्यवहारात न फिरलेलं. यातलं 'गुड' नाणं प्रत्यक्षात जवळजवळ सपाट असतं, फक्त बाह्यरेषा आणि साल उरलेलं. फाइनमध्ये मुख्य नक्षी दिसते, बारीक काम गेलेलं असतं. व्हेरी फाइनमध्ये उंच भाग सपाटलेले पण मुकुटाचे बरेच मणी मोजता येतात. एक्स्ट्रा फाइनमध्ये झीज फक्त टोकांवर, आणि अक्षरांमध्ये थोडी चमक उरलेली.

आकड्यांची पद्धत अमेरिकेतली. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली, आणि १९८६-८७ पासून पीसीजीएस आणि एनजीसी या संस्था नाणी तपासून, आकडा देऊन, प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालू लागल्या. त्या डबीला स्लॅब म्हणतात. साधारणपणे १२ म्हणजे फाइन, २० ते ३५ व्हेरी फाइन, ४० आणि ४५ एक्स्ट्रा फाइन, ५० ते ५८ अबाउट अनसर्क्युलेटेड. ६० पासून पुढे झीज मुळीच नसते. तिथे आकडा ठरतो तो पिशव्यांत एकमेकांवर आपटून पडलेल्या खुणा, ठशाची ताकद आणि लस्टर यांवर. म्हणूनच ५८ चं नाणं बऱ्याचदा ६० च्या नाण्यापेक्षा देखणं दिसतं. त्यावर जेमतेम स्पर्शाची झीज असते, पण अंग स्वच्छ असतं. मला विचाराल तर संग्रहासाठी ५५-५८ ची नाणी सगळ्यात समाधानाची.

घासलेल्या, झाळलेल्या किंवा खरवडलेल्या नाण्याला स्लॅबवर आकडा देत नाहीत. 'डीटेल्स' असं लिहून कारण छापतात. नवखे लोक नक्षीचे शब्द वाचतात आणि हे कारण वाचतच नाहीत. स्लॅबही बनावट निघतात, तेव्हा त्यावरचा क्रमांक त्या संस्थेच्या नोंदीतल्या फोटोशी जुळवा. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे 'अमेरिकेत पाठवून ग्रेड करून घेऊ' हा बेत व्हिक्टोरियाच्या रुपयासाठी बाद, आणि दरवर्षी आणखी एका सालाची नाणी त्या रेषेपलीकडे जातात. आपला डोळा तयार करण्याला त्यामुळेही पर्याय नाही.

प्रूफ हा ग्रेडचा प्रकार नाही, पाडण्याचा प्रकार आहे. आरशासारखी जमीन, टोकदार कड. स्वतंत्र भारताच्या मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर आधी 'बी' आणि पुढे 'एम' अशी खूण येते, तर रोजच्या नाण्यांवर सालाखाली पत्त्यांतल्यासारखी बारीक चौकट. ब्रिटिश काळातल्या प्रूफच्या बाबतीत सावध असा, कारण जुने ठसे वापरून टांकसाळीने संग्राहकांसाठी १९७० पर्यंत पुन्हा नाणी पाडून दिली. ती टांकसाळीचीच आहेत, खोटी नाहीत, पण मूळ प्रूफची किंमत त्यांना नाही. जुन्या ठशावर चढलेल्या गंजाच्या पुळ्या त्यांच्या मोकळ्या जागेत दिसतात का ते बघा. पुन्हा तेच: उठाव.

शिवराईला दुसरी मोजपट्टी

इथपर्यंत सगळं यंत्राच्या नाण्यांबद्दल झालं. शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, मुघल रुपया, पेशवाईतली नाणी ही सगळी हातोड्याने पाडलेली. तिथे ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, चकती वेडीवाकडी असायची, आणि प्रत्येक नाण्यावर ठशाचा वेगळा तुकडा उतरायचा. ७० आकड्यांची मोजपट्टी इथे लावणं मला पटत नाही. इथे विचारायचं: मजकूर किती बसलाय?

शिवराईच्या दर्शनी बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि मागे दोन ओळींत 'छत्र पति', भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. तिन्ही ओळी पूर्ण, दोन्ही बाजू मधोमध आणि वर्तुळाचे काही ठिपके दिसत असतील तर ते नाणं झिजलेलं असलं तरी उत्तम. मजकूर अर्धा चकतीबाहेर गेला असेल तर कितीही टोकदार असो, त्याला मागणी कमी. मुघल रुपयावर टांकसाळीचं नाव आणि साल चकतीवर आलंय का, हे पहिल्यांदा बघतात. कडेची चीर हातोड्याच्या घावाने पडलेली असते, ती इजा मानत नाहीत. सराफांनी चांदी पारखायला मारलेले छोटे ठसे मात्र चेहऱ्यावर, म्हणजे मजकुरावर असतील तर किंमत उतरते, कडेला असतील तर चालून जातात.

तांब्यात रंग महत्त्वाचा. घट्ट, गुळगुळीत, काळपट-हिरवा किंवा चॉकलेटी थर म्हणजे नाण्याचं वय. फिकट हिरवी, नखाने पावडर सुटणारी बुरशी दिसली तर तो आजार आहे, क्षारांनी धातू आतून खाल्ला जातोय. असं नाणं दुसऱ्या नाण्यांजवळ ठेवू नका. आणि चिंचेत बुडवून गुलाबी केलेली शिवराई बघून मला खरंच वाईट वाटतं. तीनशे वर्षांचा थर एका दुपारी जातो.

शिवराईच्या नकला भरमसाट झाल्यात. दोन शिवराया समोर ठेवा. दोन्हींवर चकतीचा आकार, चीर आणि अक्षरांची तुटलेली टोकं अगदी सारखी असतील तर दोन्ही एकाच साच्यातल्या. हाताने पाडलेली दोन नाणी तंतोतंत सारखी निघू शकत नाहीत. 'पावसात गडावर सापडली' ही गोष्ट ऐकवून कुणी विकत असेल तर घेऊ नका. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून जास्त किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

डोळा तयार कुठे करायचा, नाणी ठेवायची कुठे

फोर्टात सर फिरोजशाह मेहता रस्त्यावर अमर बिल्डिंगमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. विकत घ्यायच्या आधी तिथे जाऊन अस्सल नाणी मन भरेपर्यंत बघा. डोळ्यात एकदा अस्सल बसलं की नक्कल खटकू लागते. मग फोर्टातल्या फुटपाथवर किंवा चोरबाजारात मटन स्ट्रीटवर फिरा, सुरुवातीला फक्त बघायला. विक्रेता म्हणतो, "ताई, एकदम यूएनसी पीस, डोळे झाकून घ्या." मी म्हणते, "शेठ, जरा सावलीत येऊ?" दुपारच्या भर उन्हात लस्टर आणि पॉलिश यांतला फरक कळत नाही. मोबाइलचा टॉर्च एका बाजूने धरा आणि नाणं फिरवा. फिरवू देत नसेल तर नाणं परत द्या. फोटोवरून घेताना एकाच कोनातला फोटो असेल तर तिरका आणि कडेचा फोटो मागा.

घरातली नाणी लाखोंना विकून देतो असं सांगत कुणी रिझर्व्ह बँकेचं नाव वापरत असेल आणि आधी कमिशन किंवा कर भरायला लावत असेल तर ती फसवणूक आहे. रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये तसं जाहीर केलं होतं.

ग्रेड टिकवायची असेल तर मुंबईच्या हवेशी गाठ आहे. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांत नाणी ठेवू नका. दमटपणात त्यातून हिरवट चिकट थर सुटतो. आधीच लागला असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून, न चोळता, वर काढून हवेत वाळू द्या, खिडकी उघडी ठेवा आणि गॅस बंद. मायलरची, म्हणजे पारदर्शक पॉलिस्टरची, पाकिटं किंवा पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर वापरा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जून ते सप्टेंबर त्या वरचेवर बदला. लाकडी कपाटात, लोकरीत किंवा मखमलीत चांदी ठेवली की ती काळवंडते. होल्डरला पिना मारल्या तर त्यांची टोकं पक्कडीने दाबून सपाट करा, आणि नाणं बाहेर काढताना पिना न उपसता पुठ्ठा कात्रीने कापा, कारण पिनेचं टोक एका निसटत्या क्षणात राजाच्या गालावर रेघ मारतं.

होल्डरवर वजन, पाण्यातला आकडा, कुठून आणि कितीला घेतलं, आणि तुमची स्वतःची ग्रेड लिहा. विक्रेत्याने सांगितलेली ग्रेड शेजारी वेगळी लिहा. शंका असेल तर तीही. पेन्सिलने लिहा, आणि नाणं आत घालायच्या आधी लिहा.